समेवर पडणारी हेमाताई

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. हेमा डांगे या बाईची चौकशी करायला लोक माझ्याकडे येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, ती सिनेमात पडते, ते खरंच पडते का हो?" झालं, गेली तिडीक डोक्यात. अहो, खरंच म्हणजे काय? माणसाला खोटं पडता येतं का? सिनेमातली फरशी काय कापसाची असते? पण लोकांना तेवढंच ठाऊक आहे. सासू होऊन जिन्यावरून पडणारी, घरमालकीण होऊन पाण्याच्या टबात बसणारी, लग्नाच्या पंगतीत बुंदीच्या परातीवर आडवी होणारी बाई. ती आधी काय होती आणि इतकी वर्षं कशासाठी झुरत राहिली, हे कुणी विचारत नाही.

मी तिचा पेटीवाला. भोपाळच्या अवधपुरीत राहतो. कारखान्यात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात दिघे गुरुजींच्या कथकच्या वर्गात पेटी वाजवली. कथकच्या साथीला पेटीवाल्याचं काम अगदी साधं असतं. एकच ओळ, तीच ती, तासभर घोळवायची. तिला लेहरा म्हणतात. नाचणाऱ्यानं काय वाटेल ते करावं, पण फिरून त्या ओळीच्या ठरलेल्या जागेवर, म्हणजे समेवर, पाय आणून टाकावा. सोळा मात्रा झाल्या की पुन्हा पहिली, तीच सम. हेमाताईची सम मी माझ्या डोळ्यांनी कधी चुकलेली पाहिली नाही.

ती मूळची ग्वाल्हेरची. लग्न होऊन भोपाळला आली आणि भाजी कुठे मिळते हे विचारायच्या आधी तिनं नाच कुठे शिकवतात ते विचारलं, असं तिचा नवरा सांगायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय हो पेटीवाले, आज दाढी करायला वेळ मिळाला वाटतं?" असं चारचौघांत म्हणायची. मी चिडायचो, आणि मी चिडावं म्हणूनच ती म्हणायची.

कुठल्याही नव्या जागी गेली की आधी चपला काढून टाचेनं फरशी वाजवून बघायची. बँकेत, दवाखान्यात, लोकांच्या दिवाणखान्यात. "इथं खाली पोकळ आहे," म्हणायची. घरमालकाचा चेहरा पडायचा. बोलता बोलता पदराखाली मांडीवर तिची बोटं चालायची, ताल धरून. पुढे तिनं एम. पी. नगरात एका कोचिंगवाल्याच्या वरच्या मजल्यावर स्वतःचा वर्ग काढला. महिन्याभरात खालचे सर तणतणत वर आले. "मैडम, नीचे बच्चों का टेस्ट चल रहा है और ऊपर से चूना गिर रहा है." हेमाताई म्हणाली, "सर, चूना ताल में गिर रहा है कि नहीं, वो बताइए." ते सर पुढे मुलीला घेऊन आले आणि तिला शिकायला घातलं.

त्याच वर्गात एक दिवस सिनेमावाल्यांचा माणूस आला. भोपाळला हल्ली शूटिंगचं पेव फुटलंय, तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. तलावाजवळच्या एका जुन्या घरात सिनेमा चालला होता आणि त्यांना ओल्या अंगणात घसरून पडणारी घरमालकीण हवी होती. मुंबईची बाई आजारी पडली होती. "जिनको मुँह बनाना आता हो, ऐसी कोई लेडीज़?" असं तो विचारत होता. हेमाताईनं त्याला आधी झाडला. मग म्हणाली, "पेटीवाले, स्कूटर काढा. बघून तर येऊ काय प्रकार आहे."

तिथे गेल्यावर तिनं चपला काढल्या, अंगण टाचेनं वाजवून पाहिलं आणि मला भिंतीपाशी उभं करून सांगितलं, "लेहरा गुणगुणा. मोठ्यानं नको, मला ऐकू येईल एवढंच." मी गुणगुणायला लागलो. ती तणतणत आली, वळली, बादलीकडे पाहिलं, भाडेकरूकडे डोळे वटारले आणि बरोब्बर समेवर धाडकन आडवी झाली. सगळं युनिट खोखो हसलं. ती उठली, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला. तुकडा, म्हणजे नाचाची एक बांधलेली रचना, संपला की नर्तकानं करायचा तो नमस्कार. डायरेक्टर डोकं धरून म्हणाला, "मैडम, ये क्या किया?"

"नमस्कार किया."

"किसको?"

"ज़मीन को. उसी पे तो गिरी हूँ."

तो शॉट पुन्हा घेतला, मग पुन्हा. दर वेळी ती त्याच जागी, तशीच, त्याच क्षणी पडली. डायरेक्टर चक्रावला. "आप हर बार वहीं कैसे गिरती हैं?" हेमाताईला प्रश्नच कळला नाही. "और कहाँ गिरूँ? सम तो वहीं है." मी भिंतीपाशी उभा राहून हसत होतो. पण हे दिघे गुरुजींना कळलं तर काय, हाच विचार डोक्यात होता.

गुरुजी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. उंच, सडपातळ, पांढराशुभ्र कुडता, बोलणं कमी. कुणी नाचताना जरा हललं की नुसती भुवई वर जायची आणि ती मुलगी घरी जाऊन रडायची. त्यांचं एकच म्हणणं असायचं. "नाच म्हणजे तोल. बाकी सगळं सजावट." हेमाताई त्यांची सगळ्यांत मोठी शिष्या. गुरुपौर्णिमेला त्यांच्या घरच्या वरच्या खोलीत सगळे जमायचे, आणि गुरुजी एकेकाचं नाव पुकारायचे. मोठी शिष्या पहिली, मग तिच्या धाकट्या. नाव पुकारलं की उठायचं, त्यांच्यापुढे एक तुकडा नाचायचा, पाया पडायचं. नाव पुकारलं जाणं म्हणजे वर्षभर तुम्ही त्यांचे, एवढा त्याचा अर्थ. पहिलं नाव इतकी वर्षं हेमाताईचंच होतं.

सिनेमा लागला. गुरुजी माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला घेऊन बघायला गेले. का गेले कोण जाणे. कुणीतरी उत्साहानं तिकिटं आणून दिली असणार. अंगणातला प्रसंग आला, थिएटर हसलं आणि गुरुजी उठले. माईंनी पुढचं नंतर सांगितलं. घरी येऊन फक्त म्हणाले, "मी तिला तोल शिकवला आणि ती तो घालवून दाखवते. लोक हसतात आणि ती नमस्कार करते."

त्या साली गुरुपौर्णिमेला मी पेटी घेऊन गेलो तेव्हा खोलीत कुणी मोकळेपणानं बोलत नव्हतं. आषाढातल्या दमट हवेनं पेटीचे सूर चिकटत होते, मी ते सोडवत बसलो होतो. हेमाताई नेहमीसारखी पुढे बसली होती. हिरवी साडी, पायांत घुंगरू बांधलेले, सकाळपासून पाणीसुद्धा न घेतलेलं. गुरुजी आले, बसले आणि त्यांनी पहिलं गाळून दुसरं नाव पुकारलं. ती दुसरी मुलगी उठेचना. हेमाताईकडे बघत राहिली. गुरुजींनी तेच नाव पुन्हा पुकारलं. मग ते हेमाताईकडे न बघता म्हणाले, "जिचा तोल जातो, तिनं माझ्यापुढे उभं राहू नये."

मला वाटलं ही आता रडेल, नाहीतर भांडेल. पण ती सगळ्या नाचून होईपर्यंत ताठ बसून राहिली, प्रत्येकीला टाळ्या दिल्या, प्रसाद घेतला आणि जिना उतरताना घुंगरू वाजू नयेत म्हणून हातांनी धरून उतरली. ते दोन्ही हातांत घुंगरू धरून वाकून उतरणं मला आठवतं तेव्हा आजही गुरुजींचा राग येतो.

खाली आल्यावर मी भडकलो. म्हणालो, "हेमाताई, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." ती रस्त्यावरच दगडावर बसून घुंगरू सोडत होती. शांतपणे म्हणाली, "पेटीवाले, तोल ज्याला येतो त्यालाच तो घालवता येतो. नाहीतर माणूस नुसता पडतो, कुणी हसत नाही. हे गुरुजींना सांगायला हवं."

"मग सांग ना, वर जाऊन."

"त्यांच्यापुढे मी कधी बोलले आहे का? त्यांच्यापुढे मी नाचते. ते बोलावतील तेव्हा नाचून सांगीन."

तेव्हापासून तिनं हेच धरून ठेवलं. एकदा गुरुजींनी नाव पुकारावं. बस्स.

इकडे तिचं नाव सिनेमात होत गेलं. मुंबईहून बोलावणी यायला लागली. भोपाळात तर रस्त्यानं चालणं मुश्किल. एम. पी. नगरातल्या चहाच्या टपरीवर कोचिंगची पोरं गोळा व्हायची. "आंटी, एक बार गिर के दिखाओ ना." माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी एकाची कॉलर धरायला निघालो होतो, तर हिनंच मला अडवलं आणि त्या पोराला म्हणाली, "बेटा, पहले तू सीधा खड़ा हो के दिखा." पोरगं खांदे पाडून उभं होतं, ते खरंच सरळ झालं. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा पाजला.

एका सिनेमात तिला घुंगरू बांधून वेडंवाकडं नाचायचं होतं. मोठं काम होतं, पोस्टरवर चेहरा येणार होता. ती नाही म्हणाली. "पडा म्हणाल तिथे पडेन, घुंगरू बांधून नाही." निर्माता फोनवर चढत्या आवाजात बोलत होता, मला शेजारी बसून ऐकू येत होतं. तिनं ऐकून घेतलं आणि ते काम सोडलं. दुसऱ्या कुणीतरी केलं, आणि सिनेमा धो धो चालला. त्याबद्दल हळहळताना मी तिला पाहिलं नाही. हळहळलो मी.

आणि दर वर्षी गुरुपौर्णिमा. जगात कुठेही शूटिंग असो, ती भोपाळला येणार. तीच तयारी, तोच उपास, तेच घुंगरू. पुढे बसायचा हक्क राहिला नाही म्हणून दाराशी बसायची. मी लेहरा धरायचो आणि माझी नजर गुरुजींच्या ओठांवर. पहिलं नाव येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा, तिचं काय होत असेल! गुरुजी दुसरीच्याच नावानं सुरुवात करायचे. हेमाताईची बोटं मांडीवर चालत असायची, ती क्षणभर थांबायची आणि पुन्हा चालायला लागायची.

वर्षं गेली. पडून पडून तिचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता एक जरी जोराचा फटका बसला तर चालणं कठीण. सिनेमात ती तोंडानं आणि आवाजानं काम करायला लागली, पडायला दुसरी मुलगी ठेवायचे. आणि गुरुजींची स्मृती गेली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. माईंना ते कधी आई म्हणायचे, कधी नुसते बघत राहायचे.

मागच्या गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी माईंनी हेमाताईला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हेमा, त्यांना आता नावं आठवत नाहीत. मी कानात सांगणार, ते पुकारणार. तुझं नाव मी पहिलं सांगते. ते पुकारतील. त्यांना कुठला राग आठवतोय आता?"

मी म्हणालो, "माई, देव भलं करो तुमचं." मला वाटलं सुटलो एकदाचे.

हेमाताई मान खाली घालून बसली होती.  मग म्हणाली, "नको माई. तुम्ही बोलावलेलं नको. त्यांनी बोलवायला हवं."

मी बाहेर येऊन तिला वाटेल ते बोललो. हटवादी म्हणालो, गर्विष्ठ म्हणालो. म्हातारा आज आहे उद्या नाही, आणि हिला नियम सुचताहेत! ती एवढंच म्हणाली, "चोरून पाया पडण्यासारखं आहे ते, पेटीवाले. मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी खोली भरली होती. गुरुजींना धरून आणून लोडाला टेकवलं. कुडता तसाच शुभ्र, आत माणूस केवढासा झालेला. माई शेजारी. दाराशी हेमाताई, घुंगरू बांधून. मी लेहरा धरला. माईंनी गुरुजींच्या कानाशी तोंड नेलं आणि एकदा हेमाताईकडे पाहिलं. हेमाताईनं अगदी बारीक मान हलवली, नाही म्हणून. माझ्या मनात आलं, बाई, अजून वेळ आहे, हो म्हण. माईंनी डोळे मिटले आणि दुसरं नाव सांगितलं. गुरुजींनी ते पुकारलं.

एकेक मुलगी नाचून गेली. गुरुजी कधी बघत होते, कधी पेंगत होते, पण त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ताल देत होता, तो थांबला नाही. शेवटची मुलगी पाया पडून उठली. माई प्रसादाचं ताट ओढायला वाकल्या. मी भाता सोडणार, एवढ्यात गुरुजींनी दाराकडे बोट केलं.

"त्या बाई," ते म्हणाले.

 हेमाताई उठून उभी राहिली. इतक्या वर्षांनी तिचे घुंगरू त्या खोलीत वाजले. ती पुढे आली, आणि तिचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता, मी बघत होतो.

गुरुजींचे डोळे चमकले. ते माईंना म्हणाले, "अगं, या त्याच ना? टीव्हीवरच्या? पडतात त्या?" आणि हात जोडून हेमाताईला म्हणाले, "फार हसवता हो तुम्ही."

तुम्ही म्हणाले. तिला.

माईंनी पदर डोळ्यांना लावला. हळूच म्हणाल्या, "दिवसभर तुझेच सिनेमे बघतात गं. खूप हसतात. तू कोण ते नाही ठाऊक त्यांना."

हेमाताईचा चेहरा मी बघितला आणि नजर खाली घातली. माझ्यानं बघवेना.

"एकदा पडून दाखवाल का?" गुरुजी लहान मुलासारखे म्हणाले. "माझ्यासमोर?"

मी ओरडणारच होतो. खाली साधी फरशी, गादी नाही, त्यात तो गुडघा, आणि पायांत घुंगरू. घुंगरू बांधून पडायचं नाही म्हणून हिनं एवढं काम सोडलेलं. पण तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "पेटीवाले, लेहरा."

मी लेहरा धरला. गुरुजींचा हात ताल द्यायला लागला. हेमाताईनं टाचेनं फरशी वाजवली नाही, ही फरशी तिच्या ओळखीची होती. तिनं आधी एक तुकडा घेतला, गुरुजींनीच बसवलेला, अवघड. घुंगरू असे लख्ख वाजले की मागच्या पोरी उभ्या राहिल्या. तुकडा शेवटाकडे आला, पाय समेवर पडणार, तेवढ्यात तो घसरला, हात हवेत गेले, डोळे विस्फारले, सगळं अंग कोसळलं आणि ती फरशीवर आदळली. त्याच क्षणी गुरुजींची थाप गुडघ्यावर पडली. बरोबर समेवर. आणि ते हसले. मी त्यांना आयुष्यात हसताना पाहिलं नव्हतं. दात नसलेलं तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिले.

तिला उठता येईना. दोन मुली धावल्या, तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि बसल्या बसल्याच सरकत गुरुजींच्या पायांपाशी गेली. गुडघा तेवढ्यात सुजायला लागला होता. तिनं त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं.

गुरुजींनी डोळे पुसले. "वा," म्हणाले. "तोल असल्याखेरीज असं पडता येत नाही. कुणाकडे शिकलात?"

हेमाताईनं मान वर केली. "दिघे गुरुजींकडे."

ते जरा विचारात पडले. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं असावं. "त्यांना दाखवलंत का हे कधी?"

"आज दाखवलं."

"मग? काय म्हणाले?"

"हसले," ती म्हणाली.

"मग झालं तर," गुरुजी म्हणाले.